मशीन तीन पायांवर उभं होतं

वॉर्डरोबची दोन शटरं मिटली की मधली फट वर २ मिलिमीटर, खाली २ आणि कमरेच्या उंचीला जवळजवळ ३. तक्रार एवढीच. पण लॅमिनेट गडद, आतली बाजू पांढरी, आणि वॉर्डरोब पलंगाच्या बरोबर समोर. रोज सकाळी डोळे उघडले की ती फट दिसणार.

हडपसरच्या त्या फ्लॅटमध्ये तिसऱ्यांदा शटरं बदलूनही फट तिथेच राहिली, तेव्हा वर्कशॉपच्या मालकाने मला फोन केला. मशीनं सेट करणं हे माझं काम. तोवर दोष सगळ्यांना वाटून झाला होता. ग्राहकाच्या मते माल हलका. मालकाच्या मते प्लायने पावसाळ्यात ओल धरली. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधला प्लायवाला म्हणाला, हाच माल आणखी दहा जण नेतात, त्यांची दारं कशी सरळ? आणि पॅनेल सॉ, म्हणजे शीट कापायचं मशीन, चालवणारे मामा (शेडमध्ये सगळेच त्यांना मामा म्हणतात, मालकसुद्धा) म्हणाले, "मशीन गुण्यात आहे साहेब, काटकोनात. किचनचे डबे बघा, जोडात केस जाणार नाही."

मी डबे बघितले. खरंच केस जात नव्हता. या प्रकरणात सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो याच गोष्टीने.

काढून आणलेलं एक शटर मी आधी टेबलावर सपाट ठेवलं आणि पृष्ठभागावर दोरा ताणला. शटर सपाट. मग ते कडेवर उभं करून कडेला दोरा लावला. मध्ये दोऱ्याखालून उजेड दिसला. इथेच ओलीचा मुद्दा निकालात निघाला. ओल धरलेला प्लाय पानासारखा वाकतो, पुढे किंवा मागे. १८ मिलिमीटरची शीट स्वतःच्या ६०० मिलिमीटर रुंदीच्या दिशेने वाकायचं काहीच कारण नाही. कड वाकडी दिसत असेल तर ती वाकडीच कापली गेली आहे.

बुधवारी संध्याकाळी हांडेवाडी रोडच्या आतल्या त्यांच्या शेडवर गेलो. भाड्याची पत्र्याची शेड, खाली कोबा. मशीन नेहमीचं: ३२०० मिलिमीटरचं स्लायडिंग टेबल, ३०० चं मुख्य ब्लेड, त्याच्या पुढे १२० चं छोटं स्कोरिंग ब्लेड. ८ बाय ४ ची शीट म्हणजे २४४० बाय १२२०, ती उभी कापायची तर एवढी लांब कॅरेज, म्हणजे हे सरकतं टेबल, लागतेच. १९०६ मध्ये बर्लिनला विल्हेल्म अल्टेंडॉर्फ यांनी हा प्रकार काढला. लाकूड ब्लेडवर ढकलण्याऐवजी लाकडाला गाडीत बसवून ब्लेडजवळून न्यायचं. आज बटणं आणि स्क्रीन आले, तरी मूळ गोष्ट तीच आहे. ती गाडी ज्या रेषेत जाईल तीच रेषा लाकडावर उमटते.

म्हणून पहिली चाचणी गाडीच्या रेषेची. एमडीएफच्या दोन पट्ट्या घेतल्या, २४०० लांबीच्या, आणि दोन्हींची एकेक कड स्लायडिंगवर कापली. मामा मदतीला म्हणून एकाच कापाचे दोन तुकडे एकमेकांना लावून दाखवायला लागले. तसं केलं तर ते नेहमीच जुळतात, कारण एकाला जेवढा पोटाकडे बाक, दुसऱ्याला तेवढाच पाठीकडे. चूक बघायची तर दोन वेगळ्या कापांच्या, कॅरेजवर राहिलेल्या बाजूच्या कडा समोरासमोर भिडवायच्या. मग बाक दुप्पट होऊन दिसतो. भिडवल्या. दोन्ही टोकं टेकली आणि मध्ये फट. फिलर गेजची (फट मोजायच्या पातळ पत्र्यांची) १.१ ची पानं आत गेली, १.२ ची नाही गेली. म्हणजे एका कापात साधारण ०.५८ मिलिमीटरचा बाक.

मग मामांचे डबे सरळ कसे? हे गणित मी त्यांना कोब्यावर खडूने करून दाखवलं. गाडीची वाट कमानीसारखी असेल तर बाक लांबीच्या वर्गाने वाढतो. २४०० ला ०.५८ असेल तर ६०० ला त्याच्या सोळाव्या हिश्श्याएवढाच, म्हणजे चार शतांश मिलिमीटरही नाही. साध्या कागदाची जाडी एक दशांश असते. किचनच्या ५६० च्या पॅनेलवर तो बाक कुणाच्या बापाला दिसणार नाही. २१०० च्या शटरवर मात्र ०.४४ होतो, आणि दोन्ही शटरांच्या एकमेकांना भेटणाऱ्या कडा स्लायडिंगवरच कापलेल्या, त्यामुळे दुप्पट. ०.९. तीच ती ग्राहकाच्या डोळ्यात खुपणारी फट. गणेशोत्सवाआधी या वर्कशॉपने फक्त किचनं केली होती. वॉर्डरोबची पहिली मोठी ऑर्डर हीच.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. पुण्यात गुरुवारी महावितरणची दुरुस्ती, त्या भागात सकाळपासून लाइट नव्हती. मला ते सोयीचंच होतं, अर्धं काम मशीन बंद ठेवूनच करायचं असतं. तरीही आयसोलेटर खाली पाडला आणि तिन्ही किटकॅट फ्यूज काढून खिशात टाकले. लाइट गेली आहे म्हणून लोक ब्लेडला हात लावतात, आणि लाइट न सांगता येते.

तार

बाक किती हे कळलं होतं, नेमका कुठे हे कळायचं होतं. तीन मीटरची खात्रीची सरळपट्टी या शेडमध्ये कोण ठेवणार? त्याऐवजी सतारीची पोलादी तार आणली होती, ०.३ मिलिमीटरची. कॅरेजच्या दोन टोकांना लाकडी ठोकळे आवळले, त्यांच्यामध्ये तार ताणली, बोल्टला गुंडाळून. मामांनी तारेला टिचकी मारली आणि म्हणाले, "सा लागला." गावाकडे ते भजनात पेटी वाजवतात.

तार ताणली तरी मध्ये जराशी खाली झोल खाते, पण डावी-उजवीकडे ती सरळच असते, आणि आपल्याला तीच दिशा हवी आहे. आता ब्लेडजवळ, ओतीव टेबलावर मॅग्नेटिक स्टँड ठेवून त्यात मायक्रोमीटर हेड पकडलं. डायल गेज इथे चालत नाही, कारण त्याचा दांडा तारेला ढकलतो. मल्टिमीटर बझरवर ठेवला, एक पिन तारेला, दुसरी हेडला. हेड हळूहळू पुढे न्यायचं. तारेला नुसतं शिवलं की बीप. आकडा लिहायचा, हेड मागे घ्यायचं, कॅरेज ३०० ने सरकवायची, पुन्हा तेच. दोन्ही टोकांचे आकडे सारखे येईपर्यंत तारेचं एक टोक सरकवून घेतलं आणि त्याला शून्य धरलं. पुढून मागे आलेले आकडे असे: ०, ०.२४, ०.४२, ०.५४, ०.५८, ०.५५, ०.४४, ०.२६, ०.

गुळगुळीत कमान. एखादा रोलर खराब असता किंवा रुळावर भुशाची गाठ बसली असती तर एका ठिकाणी उडी दिसली असती. इथे सगळी वाटच वाकलेली होती, म्हणजे वाट ज्यावर बसली आहे ते वाकलं होतं.

लेव्हल ओतीव टेबलावर ठेवली तर ठीक दिसत होती. टेबल जेमतेम ८०० मिलिमीटर, एवढ्यात पीळ दिसत नाही. मीटरला ०.०२ मिलिमीटरचा कल दाखवणारी लेव्हल रुळाच्या बीमवर आडवी ठेवली, आधी पुढच्या टोकाला, मग मागच्या. पुढे बुडबुडा दोन घरं डावीकडे, मागे तीन घरं उजवीकडे. एकाच मशीनची दोन टोकं दोन दिशांना कललेली. मी खाली बसलो आणि चारही पाय एकेक करून हाताने फिरवून बघितले. डावा मागचा पाय, जो पान्याशिवाय हलायलाच नको, तो नळाच्या तोटीसारखा फिरला.

मालक दादा तोवर चहा घेऊन आले होते. त्यांना मी म्हणालो, तुम्हीच फिरवा. त्यांनी फिरवला आणि थोडा वेळ काही बोललेच नाहीत.

मशीन मे महिन्यात बसवलं तेव्हा चारही पाय आवळलेले होते, हे मामा शपथेवर सांगत होते आणि माझा त्यावर विश्वास आहे. शेडबाहेर जाऊन बघितलं. पत्र्याची पन्हळ मागच्या कोपऱ्यात तुटलेली, सगळं पावसाचं पाणी भिंतीच्या बुडाशी. भिंतीपलीकडे बरोबर उजवा मागचा पाय. या भागात मुरुमाच्या भरावाखाली काळी माती निघते, ती पाण्याने फुगते आणि उन्हात आकसून तडकते. चार इंच कोब्याची तिच्यापुढे काय मातब्बरी? तो कोपरा वर उचलला गेला, भिंतीकडचा पाय त्याच्याबरोबर वर गेला आणि शेजारचा डावा पाय हवेत लोंबला. मशीनच्या बॉडीला पीळ पडला, आणि तिच्यावर बोल्टने आवळलेल्या रुळाच्या बीमलाही.

मोकळा पाय खाली उतरवून पान्याने आवळला, भिंतीकडचा थोडा सैल केला, दोन्ही टोकांचे बुडबुडे जुळेपर्यंत. तासभर गेला. पायांखाली १० मिलिमीटरच्या लोखंडी प्लेटी सरकवल्या. दादांना पन्हळ आजच्या आज बसवायला सांगितलं. पुन्हा तार. मध्ये ०.५८ चे ०.२१ झाले होते.

उरलेले ०.२१ माणसाने केलेले होते. बीमच्या आधारांच्या बोल्टांवर कारखान्यात पिवळ्या रंगाची एक रेघ ओढलेली असते, बोल्ट आणि बॉडी दोन्हींवरून. सगळ्या रेघा जुळत होत्या, पुढच्या टोकाची तुटलेली होती. ऑगस्टमध्ये कड जळते म्हणून एक मेकॅनिक बोलावला होता, त्याने "जरासं सेटिंग" केलं होतं. त्याला मी नावं ठेवत नाही. मशीन पिळलेलं असताना त्याने जे केलं त्याने जळणं त्या दिवसापुरतं थांबलं असणार. पण पाया वाकडा असताना वरचा बोल्ट फिरवला की दोन चुका एकमेकींच्या आड लपतात, आणि नंतर येणाऱ्याला दोन्ही सोडवाव्या लागतात. तो आधार रेघेवर परत आणला, तारेवर थोडा पुढेमागे करून मध्ये ०.०५ वर सोडला. त्याहून खाली जायचा हट्ट या शेडमध्ये करण्यात अर्थ नाही.

खालून वर

एवढं झाल्यावरच ब्लेडकडे वळायचं. आधी कॅरेजची उंची, कारण ती ओतीव टेबलाच्या एक-दोन दशांश वर हवी, नाहीतर शीट टेबलावर घासते. ती ठीक निघाली.

मग कॅरेज आणि ब्लेड यांची समांतरता. मॅग्नेटिक स्टँड कॅरेजवर ठेवायला गेलात तर तो घसरून पायावर पडेल, कारण कॅरेज ॲल्युमिनियमची. टी-खाचेत लोखंडी पट्टी बोल्टने आवळायची आणि तिच्यावर स्टँड बसवायचा. त्याआधी ब्लेड काढून फ्लँज, म्हणजे ब्लेड जिच्यावर आवळतात ती चकती, पुसलं. आत डिंकाची एक चपटी खपली चिकटलेली होती, नखाने निघाली. १०० मिलिमीटरच्या फ्लँजमध्ये पाच शतांशची खपली म्हणजे ३०० च्या ब्लेडच्या कडेला तिप्पट डुलणं. हे पुसायला अर्धा मिनिट लागतो आणि ते कुणीच पुसत नाही.

ब्लेडच्या पात्यावर, दातांच्या जरा आत, मार्करने एक टिंब केलं. टिंब पुढे आणून डायल शून्य केला. मग ब्लेड हाताने फिरवून तेच टिंब मागे नेलं, कॅरेज सरकवून डायल त्याच्यापाशी आणला. प्रत्येक वेळी तेच टिंब, म्हणजे ब्लेड स्वतः थोडं डुलत असलं तरी ते मापात येत नाही. मागे ब्लेड कॅरेजच्या बाजूला ०.०३ आत होतं. मागचे वर येणारे दात कापलेली कड पुन्हा खरवडत होते, आणि जळण्याचं मूळ तेच होतं. ते उलट करून मागची बाजू ०.०६ बाहेर नेली. पुढचे दात कापतात, मागचे कडेला न शिवता निघून जातात. रिप फेन्स (उभ्या कापाला शीट टेकवायची पट्टी) हीसुद्धा मागच्या टोकाला तशीच किंचित उघडी ठेवली, एक दशांश. ब्लेडचा ९० अंशांचा स्टॉप गुण्याने बघितला, बरोबर होता.

रायव्हिंग नाइफ भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला सापडला. "मध्ये येतो," असं उत्तर मिळालं. तो मध्ये यायलाच आहे. ब्लेडच्या पात्याहून जाड आणि कापाहून बारीक (इथे पातं २.२, काप ३.२, नाइफ २.८), ब्लेडच्या मागे ३ ते ८ मिलिमीटरवर. कापलेली फट मागे मिटून ब्लेडला धरते तेव्हा शीट माणसाच्या पोटाकडे उडते. ते टाळायलाच ही पट्टी असते. बसवला आणि मामांकडून कबूल करून घेतलं. किती दिवस टिकेल हे सांगता येत नाही.

लाइट साडेपाचला आली. आता काटकोन.

पाच कापांची पद्धत मामांना माहीत नव्हती, आणि ती बघून ते जेवढे खूश झाले तेवढे तारेनेही झाले नव्हते. साधारण मीटरभराचा एमडीएफचा चौरस. एक बाजू कापायची, कापलेली बाजू क्रॉसकट फेन्सला (कॅरेजवरच्या आडव्या पट्टीला) लावून दुसरी, असं फिरवत चार. पाचव्यांदा पहिल्याच बाजूची दोन-अडीच सेंटिमीटरची पट्टी काढायची आणि तिची दोन टोकं व्हर्नियरने मोजायची. फेन्सची चूक चार वेळा साठून त्या पट्टीत उतरते. आमची पट्टी ९८० लांब, एक टोक २४.६२, दुसरं २३.१८. फरक १.४४, भागिले ४, म्हणजे ९८० ला ०.३६. फेन्सचा खिळा ते स्टॉपचा स्क्रू अंतर १३५०, तिथे हिशेबाने अर्धा मिलिमीटर. स्क्रूचा आटा सव्वा मिलिमीटरचा, म्हणजे फेरीचे दोन पंचमांश.

फिरवला. पुन्हा पाच काप. फरक २.९.

उलटा फिरवला होता. वीस वर्षं हे काम करतो आणि तीनातल्या एका वेळी पहिला फिरवतो तो उलटाच. मामांनी काही म्हटलं नाही, फक्त नवीन एमडीएफ आणायला गेले. स्क्रू चार पंचमांश परत, पुन्हा पाच काप: ०.१६. भागिले ४, चार शतांश. चेकनट आवळला, आवळताना स्क्रू सरकला नाही ना बघायला आणखी एकदा मोजलं.

स्कोरिंग सगळ्यात शेवटी, कारण ते मुख्य ब्लेडला धरून लावायचं असतं. मुख्य ब्लेडचे दात लॅमिनेटमधून खाली बाहेर पडताना खालची कड उडवतात, म्हणून छोटं ब्लेड उलट्या दिशेने फिरत आधी दीड-दोन मिलिमीटरची चर पाडतं. चर मुख्य कापापेक्षा एक दशांश रुंद हवी, दोन्ही बाजूंना सारखी. दात निमुळते असतात, त्यामुळे ब्लेड वर घेतलं की चर आपोआप रुंदावते. हे कळण्याची सोपी युक्ती: शीट अर्धी कापायची, मशीन बंद, ब्लेड पूर्ण थांबेपर्यंत वाट, मग शीट उलटून जिथे नुसती चर आहे आणि जिथे काप झाला आहे ते शेजारी शेजारी बघायचं. इथे चर ०.२ ने उजवीकडे होती. म्हणजे कॅरेजवर राहणाऱ्या तुकड्याची, म्हणजे कामाच्याच तुकड्याची कड उघडी पडत होती.

शुक्रवारी सकाळी फक्त सफाई राहिली होती. रुळावर कुणीतरी हौसेने ऑइल लावलं होतं आणि त्यात भुसा बसून तपकिरी चिखल झाला होता, रोलरांवर बोटभर. रुळाला ऑइल नको. टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून कोरडा करायचा, दर शनिवारी. ब्लेड वर-खाली आणि तिरकं करणाऱ्या स्क्रूंवरही ओलं काही नको, हवा मारून ग्रॅफाइटची पूड. ब्लेड कपडे धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवून ब्रशने घासलं. कॉस्टिक नाही, आणि पितळी ब्रशपेक्षा कडक ब्रश नाही.

पुन्हा दोन पट्ट्या कापल्या, २४०० च्या. भिडवल्या. ०.१ चं पान मध्ये अडकलं. चौथ्यांदा केलेली शटरं हडपसरला गेली, आणि या वेळी फोन आला नाही. या धंद्यात शाबासकी अशीच मिळते.

बिलावरून दादांशी थोडी घासाघीस झाली. त्यांच्या हिशेबात मी फक्त एक पाय आवळला होता.

तारेचे ठोकळे मी तिथेच सोडले. पायांपाशी कोब्यावर खडूने आकडे लिहिले आणि मामांना सांगितलं, पावसाळा संपताना एकदा आणि ऊन तापायला लागलं की एकदा, चारही पाय हाताने फिरवून बघा. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी साडेसातला त्यांचा फोन.

"साहेब, आता भिंतीकडचा पाय फिरतोय हाताने. तार ताणू का?"